खिडकीकडचा कान

१२ फेब्रुवारी, रविवार

गाडी घरी आली. लाल, दोन दारांची. बटण दाबलं की टप घडी होऊन मागे डिकीत जाऊन बसतो आणि डोक्यावर नुसतं आभाळ. अकरा वर्षं वापरलेली आहे, पण आधीच्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर, त्यांनी गाडीही दातांसारखीच घासूनपुसून ठेवलेली. समोरच्या कप्प्यात ही कोरी डायरी सापडली. परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "ठेवा, गाडीबरोबर फुकट." तेव्हा आता लिहिणं आलं.

चोपन्नाव्या वर्षी उघडी गाडी घेतली म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मुरडोत. मी आणि धाकट्या भावाने तेवीस वर्षं धारेच्या कारखान्यात धूळ खाल्ली, आता मी थोडा वारा खाणार आहे.

पहिली फेरी नवऱ्याला घेऊन. आमचे हे ग्रंथपाल, आयुष्यभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेले. गाडीत बसताना त्यांनी कानात कापूस घातला आणि वरून मफलर गुंडाळला. म्हटलं, "अहो, लग्नाला तीस वर्षं झाल्यावर आता कापूस घालून काय उपयोग?" महामार्गावर एकशे दहाला पोचलो तेव्हा ते काहीतरी बोलत होते. तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, "काचा तरी वर कर!" टप उघडायचा आणि काचा लावायच्या, हा तर रेनकोट घालून आंघोळ करण्यातला प्रकार. नाही केल्या.

१३ फेब्रुवारी, सोमवार

डायरी आहेच तर कामाचंही लिहून ठेवते.

आज सहा नवे दगड तपासले. दगड म्हणजे धार लावायच्या मशीनवर फिरतो तो, गोल, करडा, मधे भोक असलेला. मशीनवर चढवण्याआधी प्रत्येक दगड वाजवून बघायचा. भोकात बोट घालून लटकवायचा आणि लाकडी हातोडीने चार ठिकाणी हलकेच टोला द्यायचा. चांगला दगड टणटणीत वाजतो. आत कुठे केसाएवढी चीर असेल तर नुसता थप्प. असा चिरका दगड मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरू लागला की फुटतो, आणि फुटला की त्याचे तुकडे वरच्या लोखंडी गार्डलाही जुमानत नाहीत. आणि दगडासमोर, तोंडापासून जेमतेम दोन हातांच्या अंतरावर, दिवसभर कोण बसतं? धाकटा.

म्हणून वाजवायचं काम माझं. बाबांनी लहानपणीच ठरवून टाकलं, हात याचा चांगला आणि कान हिचा. मी वाजवते, भोकाभोवती चिकटवलेल्या कागदावर हिरव्या खडूने बरोबरची खूण करते, तो चढवतो. तेवीस वर्षांत एक दगड फुटलेला नाही. दुसऱ्या कुणाला मी हातोडीला हात लावू देत नाही, धाकट्यालाही नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

उघड्या गाड्यांचा एक क्लब आहे, त्यात नाव घातलं. आज पंधरा गाड्या, तीनशे वीस किलोमीटर, तळ्यापर्यंत आणि परत. क्लबच्या प्रमुखांना सगळे कॅप्टन म्हणतात. सत्तरीचे आहेत, चाळीस वर्षं उघडीच गाडी चालवतात. माणसं फार आवडली मला. सगळे खणखणीत मोठ्याने बोलतात, हातचं राखून कुणी नाही. जेवताना कॅप्टनना दोनदा मीठ मागितलं, त्यांनी हसून दोनदा मान डोलावली आणि मीठ काही दिलं नाही. आपल्याच तंद्रीत असतात. मला असं म्हातारपण चालेल.

घरी आल्यावर कानात थोडं भरल्यासारखं वाटत होतं. विमानातून उतरल्यावर वाटतं तसं. म्हणजे विमानाइतकाच आनंद.

६ मार्च, सोमवार

दगडांच्या विक्रेत्याचे आज चांगले कान उपटले. आठ दगड पाठवले त्यातले चार मेलेले! टोला दिला की थप्प. फोन करून सांगितलं, "तुम्हाला मालातलं कळत नसेल तर भाजी विका." तो म्हणाला, "ताई, कारखान्यातून निघताना एकेक वाजवून घेतलाय." म्हटलं, "मग वाजवणाऱ्याचे कान तपासून घ्या." त्याने फोन ठेवला.

९ मार्च, गुरुवार

विक्रेता स्वतः आला. चारही दगड माझ्यासमोर वाजवले. आज ते टणटणीत वाजले, मलाही. क्षणभर चपापले, मग लक्षात आलं. दमट झाले होते. दगडाने ओल धरली की आवाज मंद होतो, हे बाबांनीच शिकवलेलं. तीन दिवसांत सुकले. त्याला सांगितलं, "माल कोरड्या जागी ठेवत जा." तो काही बोलला नाही, चहा पिऊन गेला. धाकटा माझ्याकडे बघत होता. म्हटलं, "काय बघतोस?" म्हणाला, "काही नाही, ताई."

२७ मार्च, सोमवार

कोडं पूर्ण सुटलं. गेले तीन आठवडे बघतेय, दगड सोमवारीच मंद वाजतात, बुधवार-गुरुवारी ठीक. कारण उघड आहे. रविवारी कारखाना बंद, कोठीचं दार बंद, हवा खेळत नाही, ओल धरते. कोठीत मोठा दिवा लावून ठेवायला सांगितला, उबेने कोरडं राहील.

धाकटा म्हणाला, "ताई, कोठी कोरडी ठाक आहे. पुठ्ठ्याचे खोके बघ, कुरकुरीत आहेत."

"तुला काय कळतं? तू हात सांभाळ, कान मी सांभाळते."

दिवा लावला.

१० एप्रिल, सोमवार

तीन दिवसांची सहल! अकराशे किलोमीटर. काल उताराच्या रस्त्यावर मी एकशे तीसला होते, केस उभे, डोळ्यांतून पाणी, आणि मोठ्याने गात होते. स्वतःचं गाणं मला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फारच चांगलं वाटलं. इतकं हलकं मला लग्नाआधीही वाटलं नव्हतं. हे डायरीत लिहायला हरकत नाही, ग्रंथपाल दुसऱ्याची वही उघडत नाहीत.

फ्रिज बिघडलाय. रात्रभर बारीक 'शीं' चालू असतं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कान लावला, मागचं झाकण काढलं, शेवटी तार काढून फ्रिज बंदच केला आणि म्हणाला, "आता?" म्हटलं, "आताही येतोय." तो माझ्याकडे बघत राहिला. मग बहुधा शेजाऱ्यांचा असेल.

फोनही बदलायला हवा. खिडकीकडच्या कानाला लावला की पुसट येतो. दुसऱ्या कानाला बरा येतो.

२४ एप्रिल, सोमवार

दिव्याचा उपयोग नाही. तेव्हा आज मी पद्धतच बदलली. सोमवारी दगड जरा मंदच वाजणार हे धरूनच चालायचं आणि कान त्या मानाने बेतायचा. इतकी वर्षं अनुभव घेतला तो कशासाठी? आज नऊच्या नऊ दगडांवर खूण केली. विक्रेत्याशी भांडण नाही, काम खोळंबलं नाही. माणसाने थोडं लवचिक असावं.

८ मे, सोमवार

धाकटा आळशी होत चाललाय. पूर्वी मी खूण केली की दगड उचलून तडक मशीनकडे. हल्ली कोठीत जातो तो पंधरा-पंधरा मिनिटं बाहेर येत नाही. दारही लोटून घेतो. विचारलं तर म्हणे, "खोके लावत होतो." त्याचंही वय झालं, एकोणपन्नास.

दुपारी डबा खाताना म्हणाला, "ताई, एखाद्या रविवारी गाडी घरीच ठेव ना."

मला लगेच उमगलं. बिचाऱ्याला चालवायची असणार, मागायला लाजतो. किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली. "घे, पोरींना फिरवून आण." त्याने किल्ली हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत ठेवली. "तसं नाही गं," म्हणाला आणि डबा बंद केला. अर्धी पोळी तशीच होती.

२१ मे, रविवार

कॅप्टननी मला विचारलं की शरदातल्या मोठ्या सहलीत पुढची गाडी मी चालवीन का. दोन हजार किलोमीटर, आणि सगळ्यांच्या पुढे मी! होकार देऊन टाकला.

ग्रंथपाल येणार नाहीत म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, "गाडीत तुला काही सांगता येत नाही आणि घरी आल्यावर तुला ऐकू येत नाही." वाक्य छान जमलं होतं, पुस्तकात वाचलं असेल. थोडं लागलं मला. पण ते हल्ली पुटपुटतातच इतकं, की कुणालाही ऐकू येणार नाही. टीव्हीचा आवाज मी वाढवते, ते कमी करतात, असं संध्याकाळभर चालतं.

१ जून, गुरुवार

नीट लिहिते.

धाकटा पात्यांची पोच करायला गेला होता. मला कोठीत जुनी कानस हवी होती. खालच्या फळीवर, खोक्यांच्या मागे, गोणपाटाखाली काहीतरी होतं. गोणपाट उचललं. दगड होते. चार, प्रत्येकाचे दोन तुकडे केलेले. चिरका दगड चुकून कुणी वापरू नये म्हणून तो फोडूनच टाकायचा असतो, तसे फोडलेले. प्रत्येकाच्या मधल्या कागदावर हिरव्या खडूची खूण. माझी. ती मधोमध फाटलेली, अर्धी या तुकड्यावर, अर्धी त्या. मागे पेन्सिलीने तारखा: २४ एप्रिल, ८ मे, १५ मे, २९ मे. सगळे सोमवार.

तुकडा उजेडात धरला. चीर दिसत होती. मधल्या भोकापासून काठापर्यंत, बोटाने कळेल इतकी.

धाकटा आला तेव्हा मी कोठीतच बसले होते. त्याने गोणपाट बघितलं, मला बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"एप्रिलपासून. तू खूण केलीस की मी इथे परत वाजवायचो."

"मला न सांगता."

"सांगितलं होतं, ताई. मार्चमध्येच, कोठी कोरडी आहे म्हणून. तू म्हणालीस, तू हात सांभाळ."

"ओरडून सांगायचंस!"

"तुझ्यावर?" तो म्हणाला. इतकंच. मग हळूच म्हणाला, "मी असाच बसलो असतो तुझ्या दगडासमोर, खरं सांगतो. पण पोरी लहान आहेत अजून."

मी हातोडी भिंतीवर फेकून मारली आणि घरी आले.

२ जून, शुक्रवार

कारखान्यात गेले नाही. माझ्या पाठीमागे माझं काम तपासायचं, तेही चोरासारखं! तेवीस वर्षांचं हे बक्षीस.

संध्याकाळी परत वाचलं. चार दगड. एकेकाच्या समोर त्याचं तोंड. भूक नाही.

४ जून, रविवार

गाडी काढली नाही. ग्रंथपालांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, "मी म्हणत होतो" म्हणतील. म्हणाले नाहीत. ही डायरी मागितली, मी दिली. तासाभराने दोन बोटं दोन पानांत घालून आले. म्हणाले, "दगड सोमवारी दमट होत नाहीत गं. रविवारी तू काय करतेस ते लिहिलंयस आणि सोमवारी दगडांना काय झालं तेही लिहिलंयस. फक्त शेजारी शेजारी ठेवलं नाहीस."

मी ती दोन्ही पानं परत वाचली.

६ जून, मंगळवार

कानाच्या डॉक्टरीणबाई. तिशीची पोरगी, पण कामाला पक्की. कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीला मी धडाधड दाबत होते. मधेच आवाज यायचे थांबले. मला वाटलं मशीन बंद पडलं, म्हणून काचेतून तिला खुणेने सांगितलं. तिने मान हलवली. मशीन चालू होतं.

कागदावर दोन रेघा काढून दिल्या, एकेका कानाची एक. जाड आवाजांपर्यंत सरळ चालतात आणि बारीक, टणटणीत आवाजांपाशी खड्ड्यात पडतात. खिडकीकडच्या कानाचा खड्डा जास्त खोल. माझे दगड नेमके त्या खड्ड्यात वाजतात.

"कारखान्यात कानाला काही लावता?" तिने विचारलं.

"मशीन चालू असताना नेहमी. बाबांची शिस्त."

"आणि गाडीत?"

मी मान हलवली, नाही.

तिने समजावलं ते असं. कानाच्या आत केसांसारख्या बारीक तारा असलेल्या पेशी असतात. टप उघडा, काचा खाली, वेग शंभरच्या वर, असं चार-पाच तास चाललं की वाऱ्याचा आणि ट्रकांचा आवाज त्यांना झोडपतो. त्या दमतात. सोमवारी दमलेल्याच असतात, गुरुवारपर्यंत सावरतात. पण दर वेळी त्यातल्या काही सावरतच नाहीत, आणि मेलेल्या परत उगवत नाहीत. ते 'शीं' फ्रिजचं नव्हतं.

"म्हणजे गाडी विकायची?" मी विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "काचा वर करा. सीटच्या मागे वारा अडवणारी जाळी बसवा. वेग ऐंशीच्या आसपास. तासाभराने थांबा, शांत जागी. लांबचं असेल तर टप लावूनच जा. कानात घालायला गाळणीचे बोळे मिळतात, गोंगाट कमी होतो पण भोंगा आणि बोलणं ऐकू येतं. ते गाडीत घालायला आपल्याकडे परवानगी आहे का ते मात्र आधी वाहतूकवाल्यांना विचारा. गेलं ते गेलं. उरलंय ते पुष्कळ आहे, ते सांभाळा."

उरलंय ते पुष्कळ आहे. घरी येईपर्यंत तेवढंच घोकत होते.

७ जून, बुधवार

सकाळी सात वाजता कारखान्यात. धाकटा आधीच आलेला. हातोडीचा दांडा तुटला होता तो त्याने नवा बसवलेला. मी म्हटलं, "चुकलं माझं." आयुष्यात पहिल्यांदा त्याला म्हटलं बहुतेक. तो इतका गडबडला की, "असू दे, असू दे, दांडा जुनाच होता," म्हणाला.

मग विक्रेत्याला फोन केला. मार्चमधल्या चारही दगडांची माफी मागितली, भाजी विकायचं बोललेलंही परत घेतलं. तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी तुमचा चहा फार गोड होता, म्हणून बोललो नाही." चांगला माणूस आहे. त्याच्याकडे एक काम सांगितलंय.

११ जून, रविवार

आज फक्त दीड तास. टप उघडा, काचा वर, मागे जाळी, ऐंशीचा वेग. वाहतूकवाल्यांनी हो म्हटलंय, तेव्हा कानात बोळेही. ग्रंथपाल मफलर न घालता बसले आणि फोनवर आवाज मोजत राहिले. तुलनेपुरतं मिनिटभर काचा खाली, एकशे दहा: चौऱ्याण्णव डेसिबल. काचा वर: शहाऐंशी. वेग ऐंशी केला: अठ्ठ्याहत्तर. आकडे वाचून दाखवताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की जणू गाडी त्यांनीच शोधून काढली.

आणि वाऱ्याचं म्हणाल तर अजिबात कमी नाही. डोक्यावरून वाहतोच. आभाळ तेवढंच. फक्त गाण्याचा तोटा झाला, कारण आता मी गाते ते ऐकू येतं, मलाही आणि ग्रंथपालांनाही.

तळ्याशी कॅप्टन भेटले. पुढची गाडी मी चालवीन, पण ऐंशीने आणि तासातासाला थांबत, असं सांगितलं. त्यांनी हसून मान डोलावली. आज मला ते मान डोलावणं कळलं. त्यांच्या खिशात बोळ्यांची नवी डबी घातली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. त्यांनी तो बराच वेळ वाचला.

१५ जून, गुरुवार

आज परीक्षा. मीच लावलेली. विक्रेत्याने त्याच्या भंगारातले तीन चिरके दगड दिले, ते सात चांगल्यांमध्ये मिसळले. मी भिंतीकडे तोंड करून बसले, डोळे बांधून. धाकटा एकेक दगड हातात देणार, मी वाजवून सांगणार. दोन आठवडे कानांना वाऱ्याचा मार नाही, वार गुरुवार, मशीनं बंद. यापेक्षा चांगला दिवस माझ्या कानांना मिळायचा नाही.

दहात नऊ बरोबर. चांगले सातही ओळखले, चिरक्यांतले दोन ओळखले.

धाकटा म्हणाला, "नऊ म्हणजे पुष्कळ आहेत, ताई. सरावाने दहा होतील."

शाळेत नऊला पहिला नंबर आला असता. मी दहावा दगड मागितला. परत वाजवला, चारही ठिकाणी. मला तो चांगलाच वाटत होता. आत्ताही वाटतोय. मग त्याने उजेडात धरून चीर दाखवली.

हातोडी त्याच्या हातात दिली. तो घेईना. "कान तुझा आहे," म्हणाला, बाबांसारखंच. म्हटलं, "होता. आता वाजवशील तू, आणि मशीनवर मी बसेन."

"तू सहा वर्षं मशीनवर बसली नाहीस."

"पोहणं विसरतं का कुणी?"

रडले नाही. घरी येऊन रडले, पण थोडंच. मग कपाट आवरलं.

३ जुलै, सोमवार

गेले दोन आठवडे भंगार पात्यांवर हात बसवत होते, धाकट्याने आधीच चढवलेल्या जुन्या दगडावर. हात बसलाय. मला शंका नव्हतीच.

आज छापखान्याचं मोठं पातं आलं, कागद कापायचं. गिऱ्हाईक स्वतः घेऊन आलं होतं आणि दारात उभं राहून घड्याळ बघत होतं. नवा दगड लागणार होता. धाकट्याने भोकात बोट घातलं, चार टोले दिले. मी मुद्दाम कान टवकारला. ऐकू आलं, पण चांगलं की वाईट हे मला सांगता येईना. त्याने हिरव्या खडूने खूण केली. त्याची खूण माझ्यापेक्षा लहान आहे, लाजल्यासारखी. दगड चढवला, गार्ड लावला, आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो आणि मिनिटभर मोकळा फिरवला. मग मी कानांवर कर्णरक्षक चढवले, चष्मा लावला आणि बसले.

दगड तोंडापासून दोन हातांवर होता, फिरताना दिसतही नव्हता. पातं उचललं. हात पुढे जाईना.

मी इतकी वर्षं हे काम केलंय, सहा वर्षांपूर्वीपर्यंत रोज इथे बसलेय, आणि मला कधी भीती वाटली नाही. कारण दगड मीच वाजवलेला असायचा. दुसऱ्याने वाजवलेल्या दगडासमोर बसणं काय असतं हे मला आज कळलं. धाकट्याला ते रोज माहीत होतं.

मशीन बंद केलं, कानांवरचं काढलं, मागे वळले. "नक्की ना रे?" मी विचारलं.

विचारलं आणि जीभ चावली. हाच प्रश्न कुणी मला विचारला असता तर मी हातोडी फेकून मारली असती. त्याला हे माहीत होतं, म्हणून त्याने कधी विचारला नाही.

धाकट्याने कपाळाला आठी घातली नाही, की हसला नाही. "थांब," म्हणाला. दगड थांबेपर्यंत वाट बघितली, गार्ड काढला, नट सोडवला, दगड उतरवून माझ्यासमोर धरला आणि परत चारही ठिकाणी वाजवला. मग दगड फिरवून धरला आणि आणखी चार टोले दिले. "चांगला आहे, ताई," म्हणाला. "परत वाजवू?"

दारातलं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, किती वेळ लागेल अजून?"

"लागेल तेवढा," मी म्हटलं. "वाजव रे परत."